एका सहकाऱ्याच्या भावना

मला तक्रार करायचीच असती ना, तर मी सरळ तोंडावर केली असती. आमच्या रसायनशास्त्र विभागातल्या भिंतींनाही हे ठाऊक आहे. फुटका फ्लास्क गुपचूप मागे ठेवून नवा मागणाऱ्या प्राध्यापकाला मी चार विद्यार्थ्यांसमोर झापलंय. खुद्द विभागप्रमुखांना म्हटलंय, "सर, सही करण्याआधी वाचत चला जरा." माझ्या जिभेला हाड नाही, हे आईपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. असली मी बाई मागच्या दाराने जाऊन, नाव लपवून, दुसऱ्याची प्रार्थना बंद करीन, असं या लोकांना वाटावं तरी कसं? पण वाटलं. एकाला नाही, झाडून सगळ्यांना वाटलं.

आधी पार्टीचं सांगते. वर्ष संपताना विद्यापीठाला मोठी सुट्टी लागते. तिच्या आदल्या दुपारी विभागाच्या बैठकीच्या खोलीत पार्टी असते. टेबलं जोडायची, वर कापड घालायचं, केक, चहा, चार गप्पा. सुरुवात प्रार्थनेने. विभागातल्या सगळ्यांचा धर्म एक, माझा तेवढा दुसरा. त्यामुळे प्रार्थना त्यांची, हे ओघानेच आलं. मी स्टोअर सांभाळते. बाटल्या, काचसामान, रसायनं सगळं माझ्या ताब्यात. मी पार्टीला जायची, पण प्रार्थना सुरू झाली की शेजारच्या छोट्या स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवायची. मला कुणी हाकललं नव्हतं. कुणी थांब असंही म्हटलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी गेले आणि मग ते तसंच पडून गेलं.

मला ते आवडायचं का? डोंबल आवडायचं! आपण आत स्टोव्हपाशी उभं राहायचं आणि बाहेर सगळ्यांनी एका सुरात गायचं, यात आवडण्यासारखं काय आहे? सरकारी विद्यापीठ, लोकांच्या पैशावर चालणारं, माझ्याही. पण त्या पार्टीत माझं एक माणूस होतं. काचवाल्यांची बायको.

काचवाले म्हणजे आमच्या विभागाचे काच फुंकणारे कारागीर. तळघरात त्यांची कार्यशाळा आहे. तोंडात रबरी नळी, हातात फिरती काच, समोर ज्योत आणि डोळ्यांवर तो जांभळट चष्मा. प्रयोगशाळेतलं जे जे फुटतं ते मी पेटीत घालून खाली घेऊन जायची. शिपाई होता की, पण मीच जायची. ते काचा बघायचे, कुठली जोडता येईल, कुठली वितळवावी लागेल ते सांगायचे, आणि मग आम्ही चहा घ्यायचो. मी त्यांना भाऊ म्हणायची, त्यांच्या बायकोला वहिनी.

वहिनी काही विद्यापीठात नोकरीला नव्हत्या. पण पार्टीची प्रार्थना त्यांनीच सुरू करायची, हा जणू नियम. पहिली ओळ त्या एकट्या म्हणायच्या, मग बाकीचे. आवाज काही फार गोड नव्हता, वरच्या सुराला जरा फाटायचा. पण त्यांनी सुरू केलं की खोलीतली कुजबुज थांबायची. आणि प्रार्थना संपली रे संपली, की पहिल्यांदा त्या आत यायच्या. "झालं बाई आमचं गाऱ्हाणं. चल, आण तो चहा. आणि केकचा कडेचा तुकडा तुझा, मी दाबून ठेवलाय." तेवढ्यासाठी मी त्या पार्टीला जायची. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच.

यंदा उन्हाळ्यात वहिनी गेल्या. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा हाताबाहेर गेलेलं. हॉस्पिटलात भाऊ दिवसा बसायचे आणि संध्याकाळी मी त्यांना घरी पिटाळायची. वहिनी शेवटी शेवटी बोलायच्या नाहीत, नुसता माझा हात धरून ठेवायच्या. त्या गेल्यावर भाऊ कामावर आले, पण चहा नको म्हणायला लागले. मी पेटी ठेवायची, थोडा वेळ उभी राहायची, वर यायची. म्हटलं, राहू दे. येतील हळूहळू ठिकाणावर. वर्षअखेरीला ते निवृत्त होऊन लेकीकडे दूर गावी जायचे होते, पण त्याला अजून अवकाश होता.

मग ती मीटिंग झाली. विभागप्रमुख सर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एका सहकाऱ्याच्या भावना लक्षात घेऊन यंदा पार्टीत प्रार्थना होणार नाही."

बस्स, एवढंच. पण खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. सूर्यफुलंसुद्धा इतक्या शिस्तीत वळत नसतील. मी मागे वळून पाहिलं, मागे भिंत होती.

"अगं बाई, मी नाही!" मी म्हटलं. पण तोवर आमच्या नव्या प्राध्यापक मॅडम टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या होत्या. तरुण पोरगी, हुशार, मनाने वाईट मुळीच नाही. म्हणाल्या, "हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं. हे सार्वजनिक विद्यापीठ आहे. इथे एकाच धर्माची प्रार्थना का म्हणून? आपण सगळ्यांना सामावून घेणारा मेळावा करू."

त्यावर ऑफिसातली क्लार्क ताडकन उठली. तिला आम्ही रेडिओ म्हणतो. बातमी असो नसो, ती चालूच असते. "वर्षानुवर्षं चालत आलंय, तेव्हा कुणाचं काय दुखत होतं? आणि सगळ्यांना सामावायचंय तर सगळ्यांच्या प्रार्थना घ्या की! बाईंनीही त्यांची म्हणावी. आम्ही ऐकू."

"मी काय प्रदर्शनात मांडलेली वस्तू आहे?" मी म्हटलं. "आणि मी काही बोललेच नाहीये कुणाला!"

"तुम्ही कशाला बोलाल," रेडिओ म्हणाली आणि खाली बसली.

मी भाऊंकडे पाहिलं. ते खिडकीशी बसले होते. एकटे तेवढे माझ्याकडे बघत नव्हते. बाहेर बघत होते. आणि मीटिंग संपल्यावर, माझ्यासाठी न थांबता, ते जिना उतरून गेले. बाकीच्यांचं काय हो, ते गेले खड्ड्यात. पण भाऊंना वाटलं असेल, की त्यांच्या बायकोची प्रार्थना मी बंद पाडली? जिचा हात धरून मी संध्याकाळ संध्याकाळ बसले, तिची? आणि तीही ती गेली त्याच वर्षी?

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, मी तक्रार केलेली नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगा."

"तुम्ही केली असं मी म्हटलंच नाही."

"नाव घेतलं नाहीत, पण घेतल्यासारखंच झालं. या विभागात दुसऱ्या धर्माची मीच आहे एकटी."

सरांनी पुन्हा चष्मा पुसला. त्या माणसाला अडचण आली की काचा मळतात. "बाई, मी एका व्यक्तीला शब्द दिलाय. तुम्ही नव्हता असं सांगितलं, तर लोक दुसरं नाव शोधत बसतील."

"आणि माझं सापडलंय ते चालतंय?"

"थोडे दिवस, बाई. लोक विसरतात."

मी दार आपटून बाहेर आले. लोक विसरतात म्हणे! लोकांना विसरायला दुसरं काहीतरी मिळावं लागतं, आणि आमच्या विभागात वर्षभरात तेवढंच काय ते घडलं होतं.

पुढचे आठवडे कसे काढले माझं मला माहीत. स्टोअरच्या खिडकीशी आलेली माणसं आधी दोन शब्द बोलायची, आता चिठ्ठी सरकवून गप्प उभी राहायची. मी गेले की ऑफिसात बोलणं थांबायचं. रेडिओ मात्र मुद्दाम मला ऐकू जाईल असं बोलायची. "बिचारे काचवाले. बायको गेली, नोकरी संपली, शेवटची पार्टी. निदान बायकोची प्रार्थना तरी कानावर पडली असती. तेवढंही बघवलं नाही." मला वाटायचं, जाऊन तिच्या झिंज्या उपटाव्यात. मग वाटायचं, ती बोलतेय त्यातलं भाऊंचं दुःख तर खरंच आहे ना. आणि मी परत फिरायची.

नव्या मॅडम एकदा स्टोअरमध्ये आल्या, माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही फार धाडस केलंत."

"मी काही केलं नाही, मॅडम."

"हा तुमचा मोठेपणा," त्या म्हणाल्या. घ्या! नाही म्हटलं तर मोठेपणा, हो म्हटलं तर धाडस. सुटकाच नाही.

भाऊंकडे मात्र मी रोज जात राहिले. कार्यशाळेचं दार आतून लावलेलं असायचं. आत ज्योतीचा सूंसूं आवाज यायचा, म्हणजे माणूस आहे. मी दार वाजवायची, "भाऊ, पेटी आणलीय." आतून आवाज यायचा, "ठेवा बाहेर, ताई." मी ठेवायची. दुरुस्त झालेलं सामान दुसऱ्या दिवशी शिपाई वर आणून द्यायचा, कागदात नीट गुंडाळलेलं. एकदा दाराला तोंड लावून मी म्हटलं, "भाऊ, मी काही केलं नाही हो." आतला आवाज थांबला. ज्योत विझवली असावी. मी उभी राहिले. दार काही उघडलं नाही. मी घरी जाऊन नवऱ्यासमोर रडले, आणि तो काही बोलायच्या आत त्यालाच दोन सुनावल्या.

इकडे मेळाव्याची तयारी जोरात. मॅडमनी समिती नेमली. कुठल्याही धर्माचं चिन्ह नको, हे ठरलं. मग फुग्यांवर अडलं. अमुक रंग यांचा, तमुक रंग त्यांचा, तिसरा निवडणुकीतल्या पक्षाचा. शेवटी सगळे फुगे पांढरे आणले. पताकाही पांढऱ्या. पार्टीच्या सकाळी मी खोलीत डोकावले आणि म्हटलं, कप्पाळ माझं! वाटावं, घरात कुणी वारलंय. आणि वारलं होतंच की. फक्त तिचं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं.

त्या दुपारी मी खाली गेले. ठरवूनच गेले, की आज दार फोडीन पण तोंड बघितल्याशिवाय हलणार नाही. उद्यापासून सुट्टी, आणि सुट्टीनंतर भाऊ येणार नव्हते. दार उघडंच होतं. भाऊ हत्यारं फडक्यात गुंडाळत होते. ज्योत बंद. टेबल इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, जायच्या आधी एक ऐकून घ्या," मी म्हटलं. "मला ती प्रार्थना आवडायची नाही. खोटं कशाला बोलू? पण वहिनी ती म्हणायच्या. मी ती कशी बंद करीन? माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण असं न बोलता जाऊ नका हो."

ते स्टुलावर बसले. दोन्ही हात मांडीवर, रिकामे. मग म्हणाले, "ताई, मला माहितीये तुम्ही नाही."

"माहितीये? मग मी इतके दिवस बाहेर..."

"मीच सांगितलं सरांना."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी दुसरं स्टूल ओढून बसले.

"तिची ओळ दुसऱ्या कुणी सुरू केली असती," भाऊ म्हणाले, "तर मला तिथे उभं राहवलं नसतं. पार्टीला येऊच नये, तर लोकांनी माझा निरोपही त्यातच ठरवलेला. सरांना म्हटलं, यंदा प्रार्थना नको, माझं नाव सांगू नका. म्हातारा रडतोय असं झालं असतं. मला वाटलं, सर काहीतरी कारण सांगतील. वेळ नाही, असं काहीतरी. त्यांनी भावना म्हटलं, आणि सगळे तुमच्याकडे वळले."

"तेव्हा बोलायचं नाही का?"

"तोंड उघडलं होतं मी. नाही झालं." ते जमिनीकडे बघत राहिले. "आणि मग, ताई... मग मला वाटलं, तुम्हाला तशीही ती प्रार्थना नकोच असायची. तुम्ही तशाही आतच असायचात. तुम्हाला फारसं लागणार नाही."

लोक इतके आठवडे बोलले ते एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. मला वाटायचं, निदान या एका माणसाला माहीत असेल, की मी आत का असते.

"लागलं, भाऊ," मी म्हटलं. "खूप लागलं. रोज लागलं. त्या दाराबाहेर पेटी ठेवून परत जाताना तर फारच लागलं."

ते रडायला लागले. मी रडले नाही, मी इतकी चिडले होते. "तुमच्या जिवाला त्रास होत होता, तर मला सांगायचंत! मी काय परकी होते? हॉस्पिटलात चालले, आणि इथे परकी झाले?"

"नाही हो, ताई."

"मग?"

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि उठले. "चला वर. सगळ्यांसमोर सांगतो. आत्ताच."

नको, असं म्हणावंसं वाटलं. पण मी म्हटलं नाही. मला माझं नाव परत हवं होतं. का नको असावं?

आम्ही जिना चढून वर गेलो. खोली भरली होती. नव्या मॅडम प्रत्येकाला एकेक चांगला शब्द बोलायला लावत होत्या. कुणी शांती म्हटलं, कुणी आरोग्य, कुणी सुट्टी, त्यावर हशा झाला. आम्ही दोघं बरोबर आत आलो तसा हशा थांबला. भाऊ सरळ टेबलाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी दारापाशीच थांबले.

"मला एक सांगायचंय," भाऊ म्हणाले. "प्रार्थनेबद्दल."

सरांनी बशी खाली ठेवली. भाऊ पुन्हा म्हणाले, "ती प्रार्थना... माझी बायको..." आणि पुढचा शब्द काही केल्या येईना. खुर्चीची पाठ धरून ते नुसते उभे राहिले. ओठ हलत होते. मी मनात म्हणत होते, बोला भाऊ, दोनच शब्द, बोला.

रेडिओच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खरं पाणी, खोटं नाही. ती तशी कुणाचं दुःख बघू शकत नाही. "काही बोलू नका, भाऊ," ती म्हणाली. "कळलं आम्हाला. तुमचा शेवटचा दिवस आहे. आज कुणाला काय वाटायचं ते वाटू दे." आणि माझ्याकडे एकदा रोखून बघून तिने पहिली ओळ सुरू केली.

वहिनींची ओळ. रेडिओचा सूर पार वर लागला होता. दुसऱ्या ओळीला सगळे मिळाले, सगळे, इतके दिवस दाबून धरल्यासारखे. मॅडम गोंधळून इकडेतिकडे बघत राहिल्या. सर बशीत बघत राहिले. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. सगळी माणसं भाऊंकडे प्रेमाने बघत गात होती. आणि भाऊंचा चेहरा राखेसारखा पडला होता. त्यांना आनंदाने भरून आलंय असंच सगळ्यांना वाटत असणार.

मला ओरडता आलं असतं. थांबा, त्यांनीच नको म्हटलंय. एका वाक्यात माझं नाव धुऊन निघालं असतं. पण मग ती सगळी डोकी भाऊंकडे वळली असती, आणि त्यांना त्या डोळ्यांसमोर रडावं लागलं असतं. हेच होऊ नये म्हणून तर त्या माणसाने मला बळी दिलं होतं.

मी टेबलाच्या टोकापर्यंत गेले. भाऊंचा दंड धरला. "चला," म्हटलं. ते लहान मुलासारखे निघाले. गाणाऱ्या माणसांमधून मी त्यांना ओढत दारापर्यंत नेलं. ओळ कुणी थांबवली नाही, उलट आवाज वाढला. आणि त्या आवाजावर रेडिओचा शब्द स्पष्ट ऐकू आला. "बघा! त्यांना साधं ऐकूही देत नाही ही बाई."

बाहेर आल्यावर भाऊ जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. दोन्ही कानांवर हात. मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी जातो आत. सांगतो त्यांना. आत्ता सांगतो."

"बसा गप्प," मी म्हटलं.

आतून कुणीतरी रागाने येऊन आमच्या तोंडावर दार धाडकन लावून घेतलं. बरं झालं. गाणं जरा कमी ऐकू यायला लागलं.